म्हापशाच्या बाजारातलं बकऱ्याच्या कातड्याचं घुमट: घेतलं, वाजवलं, पथकही बोलावलं

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आरतीसाठी घुमट हे मातीचं वाद्य घ्यायचं असेल आणि कुणाकडून घ्यावं हे कळत नसेल, तर गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा. मातीच्या भांड्यांच्या रांगेत डिचोली तालुक्यातले एक बहीण-भाऊ बसतात. त्यांच्याकडून घ्या. दुकानाला पाटी नाही, नावही नाही. खाली ताडपत्री, वर निळं प्लास्टिक आणि मध्ये पालथी मांडलेली घुमटं. चवथीच्या आधीचे काही शुक्रवार ते तिथे असतात, एरवी घरूनच काम करतात.

आम्ही त्यांच्याकडून दोन नवी घुमटं घेतली, माळ्यावरच्या एका जुन्या मडक्याला कातडं चढवून घेतलं आणि चवथीत एका संध्याकाळी त्यांच्या पथकाला आरतीला बोलावलं. तिन्ही गोष्टींबद्दल नीट लिहिते आहे. मी डोंबिवलीत राहते, सासर बार्देशातलं. मुंबई-पुण्याहून दरवर्षी चवथीला गावी जाणाऱ्या आमच्यासारख्या कितीतरी घरांत आज आरतीला मोबाइल आणि स्पीकर लागतो. घुमट पुन्हा आणायची इच्छा असते, पण कातड्याचं काय, कायद्याचं काय, आवाज तसा येतो का, हे प्रश्न आडवे येतात. माझ्याही आड आले होते.

ज्यांनी घुमट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बांधलेलं असतं, धाकटं तोंड उघडं. दोरीनं गळ्यात अडकवायचं, उजव्या हातानं कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्यानं धाकटं तोंड झाकत-उघडत आवाज वळवायचा. सगळं कसब त्या डाव्या हातात आहे. उजवा हात ताल धरतो, डाव्यानं घुमट बोलतं. जोडीला दोन काड्यांनी वाजवायचं शामेळ नावाचं चर्मवाद्य आणि कासाळी, म्हणजे झांजा. चवथीच्या आरत्या याच्यावरच म्हणायच्या, आणि त्या बहुतेक मराठीत असतात. घरात कोंकणी बोलणारी माणसं देवापुढे उभी राहिली की मराठी आरती म्हणतात, आणि तिचा ठेका मात्र महाराष्ट्रात कुठेही ऐकू येणार नाही असा. आरती चढत चढत चंद्रावळीला पोचली की नुसती वाद्यं बोलू लागतात. ते ज्यांनी एकदा ऐकलं त्यांना स्पीकरवरची आरती पुरत नाही.

हे कातडं पूर्वी घोरपडीचं असायचं. पातळ, चिवट, ओल लवकर न धरणारं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपड पहिल्या, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. मारणं, विकणं, कातडं बाळगणं, सगळ्याला तीन ते सात वर्षांपर्यंत कैद आहे. बंदी घुमटावर नव्हती, कातड्यावर होती. पण कातड्याविना घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं मडकं. आमच्या वाड्यावर कायद्याचा धाक जसजसा वाढला तसतशी घुमटं माळ्यावर गेली. फाटलेलं कातडं बदलायला कुणी धजेना, बनवणारे म्हातारे हात थांबले, आणि मुलांनी ढोलकीवर भागवायला सुरुवात केली. बंदी योग्यच होती, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. देवाच्या आरतीसाठी जंगलातला जीव मारायचा हे मला कधीच पटलेलं नाही. वाईट इतकंच वाटतं की दुसरं कातडं शोधायला आपण इतकी वर्षं लावली. बकरा काही काल जन्माला आला नाही. मटणाच्या दुकानामागे त्याची कातडी पडून असायची आणि आम्ही घुमट संपलं म्हणून हळहळत बसलो.

आता चित्र पालटलं आहे. 2019 मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. कला अकादमीपासून गावच्या मंडळांपर्यंत घुमट आरतीच्या स्पर्धा होतात. बायकांची पथकं आहेत, शाळकरी मुलांची आहेत. हे सगळं बकऱ्याच्या कातड्यावर चाललं आहे.

आता माल कसा आहे ते सांगते.

ताडपत्रीवर तीन आकारांची घुमटं होती. लहान आकाराचं मुलांसाठी, मधलं सगळ्यांत जास्त खपणारं, आणि मोठं पथकवाल्यांसाठी. मधल्याला बाराशे, मोठ्याला सोळाशे सांगितले. पलीकडे एकजण रंगवलेली, गोंडे लावलेली घुमटं सातशेला विकत होता. ती शोकेसमध्ये ठेवायची वस्तू आहे. बोटानं टिचकी मारली तर पत्र्याच्या डब्यासारखा आवाज येत होता. ती घेऊ नका.

भाऊ चोविसेक वर्षांचा असेल. त्यानं माझ्या हातात एक घुमट दिलं नि म्हणाला, “वाजोवन पळे मावशे.” मी चार बोटं मारली. आवाज आला, पण बसका. त्यानं ते परत घेतलं, कातड्यावर तळवा फिरवला आणि मागे पेटवलेल्या छोट्या शेगडीवर धरलं, जरा लांबून, गोल गोल फिरवत. मग परत दिलं. यावेळी पहिल्याच थापेला खालून ‘घुम्म’ असा आवाज उठला आणि शेजारची मडकी विकणारी बाई मान वर करून बघायला लागली. ऑगस्टचा महिना, बाहेर पावसाची भुरभुर, हवेत ओल. बकऱ्याचं कातडं ओल पितं, सैल पडतं. हे त्यानं लपवलं नाही, विकतानाच दाखवलं. मला त्याच्याबद्दल विश्वास वाटला तो तिथे.

निवडायचं कसं तेही त्याच्या बहिणीनं शिकवलं. आधी नुसतं मडकं बघायचं. कडेला नखानं टिचकी मारली की खणखणीत वाजलं पाहिजे. भद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे. धाकट्या तोंडाची कड गुळगुळीत हवी, नाहीतर डावा तळवा दोन आरत्यांत सोलून निघतो. मग कातडं उजेडासमोर धरायचं. ते सगळीकडे सारख्या जाडीचं असावं, एका बाजूला दाट आणि दुसरीकडे पारदर्शक नको. शेवटी ओठाखालची दोरी. ती मडक्याच्या गळ्यात रुतून बसलेली हवी. बोटानं सरकली तर ते घुमट परत ठेवा. आमच्यासाठी तिनं पाच-सहा घुमटं बाजूला सारली, तेव्हा कुठे दोन तिच्या मनासारखी मिळाली. आपलाच माल इतक्या सहज नाकारणारा विक्रेता मी फार पाहिलेला नाही.

आम्ही उभे असताना एक गृहस्थ आले. वयानं मोठे, कपडे चांगले. खाली वाकून हळू आवाजात विचारलं, “असली हाय?” कशाबद्दल विचारतात ते सगळ्यांना कळलं. बहिणीनं आवाज जराही न दाबता सांगितलं, घोरपडीचं नाही, कधीच नव्हतं, आणि तुम्ही दुसरीकडेही विचारू नका. ते पुटपुटत निघून गेले. मग ती मला म्हणाली की चवथीच्या दिवसांत असे रोज येतात, आणि तिप्पट पैसे देऊ करतात. तिप्पट पैशांचा त्या घरात केवढा उपयोग आहे ते मला नंतर कळलं.

म्हापशाला कातडं चढवून मिळत नाही, त्यासाठी घरी जावं लागतं. आमच्या माळ्यावर एक जुनं मडकं होतं, माझ्या आजेसासऱ्यांचं. कातडं उंदरांनी कधीच खाल्लेलं, पण माती अजून घट्ट. ते घेऊन आम्ही डिचोलीकडे गेलो. घर साधं, मागच्या पडवीत काम. दोन पिंपं, एका पिंपात चुन्याच्या पाण्यात भिजत घातलेली कातडी. वास उग्र आहे, लहान मुलांना नेऊ नका. केस सुटले की कातडं लाकडी ओंडक्यावर अंथरून बोथट सुरीनं मागची चरबी खरवडायची. भाऊ ते करत असताना मी बघत उभी राहिले. सुरी एकाच दिशेनं, एकाच दाबानं जात होती. मध्येच तो थांबून अंगठा आणि तर्जनीत कातडं धरून चोळायचा आणि जिथे जाड लागलं तिथे परत दोन हात मारायचा. मग ओलं कातडं मडक्याच्या तोंडावर टाकलं, बहिणीनं दोन्ही हातांनी चारी बाजूंनी खाली खेचून धरलं आणि त्यानं गळ्याखाली दोरीचे वेढे घातले. प्रत्येक वेढ्याला पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून ताण द्यायचा. शेवटच्या गाठीनंतर परत एकदा फेरी मारून, जिथे सुरकुती दिसली तिथे कातडं चिमटीत धरून ओढायचं. काम दोघांचं आहे, एकट्यानं होत नाही. पहिला दिवस सावलीत वाळवायचं, मग ऊन. थेट उन्हात ठेवलं तर कातडं पापडासारखं तडकतं, असं तो म्हणाला.

यासाठी त्यानं पाचशे रुपये घेतले. मी मुंबईत तबल्याला पुडी बदलून घेते, त्या मानानं हे काहीच नाही. शिवाय जुन्या मडक्याला धाकट्या तोंडाजवळ एक बारीक चीर होती ती त्यानं आधीच दाखवली आणि लिहून ठेवा म्हणाला, म्हणजे नंतर माझ्यावर येणार नाही. काम झाल्यावर मडक्याचा आवाज नव्या दोन्ही घुमटांपेक्षा खोल निघाला. जुनी माती, जाड भिंत. माझ्या मोठ्या दिरांनी ते गळ्यात अडकवलं आणि कितीतरी वर्षांनी हात टाकला. डावा हात आपोआप बरोबर पडत होता.

आवाजाबद्दल खरं सांगायला हवं, कारण वाड्यावरच्या जुन्या माणसांनी मला हाच प्रश्न विचारला. घोरपडीच्या कातड्याचा आवाज टोकदार असायचा, लांबवर जायचा. बकऱ्याचा जाड, गोल आणि जरा अंगाबरोबरचा आहे. खुल्या अंगणात फरक जाणवतो. घरात, गणपतीवर फळं-पानं बांधलेल्या माटोळीखाली, दहा-पंधरा माणसं आरती म्हणत असताना मला तरी बकऱ्याचाच आवाज जास्त आवडला, कारण तो गळ्यांवर चढत नाही. आमचे चुलत सासरे ऐंशीच्या घरातले, आयुष्यभर वाजवलेले. त्यांनी दोन आरत्या ऐकल्या आणि तिसरीला स्वतः मागून घेतलं. त्यावर मी काही जास्त लिहीत नाही.

ओलीचा त्रास मात्र आहे, आणि तो मान्य करूनच घ्या. चवथ पावसातच येते. आमचं एक घुमट दुसऱ्या दिवशी सकाळी अगदी बसलं. उपाय साधा: आरतीच्या आधी अर्धा-पाऊण तास जुना पिवळा बल्ब पेटवून त्याच्याजवळ ठेवायचं, किंवा चुलीच्या धगीला लांबून धरायचं. गॅसवर अजिबात नको. आरती जास्त वेळ चालली तर मध्ये एक घुमट बदलून दुसरं घ्यायचं, म्हणून दोन असावीत. वर्षभर ठेवताना कापडात गुंडाळून उंचावर, उंदरांपासून लांब. प्लास्टिकच्या पिशवीत घातलं तर बुरशी येते.

आता पथकाबद्दल. त्यांचं पथक नऊ-दहा जणांचं आहे. पाच घुमटं, एक शामेळ, दोन कासाळी, बाकी गाणारे. वयं सतरा ते सव्वीस. तीन मुली आहेत आणि शामेळ त्यांच्यातल्या एकीकडे आहे. शामेळावर मुलगी म्हटल्यावर आमच्याकडच्या दोन-तीन माणसांच्या भुवया वर गेल्या. पहिली आरती संपेपर्यंत त्या खाली आल्या होत्या. तिच्या काड्या इतक्या स्वच्छ पडत होत्या की मागची पाच घुमटं तिच्यावरच उभी होती. विलंबित सुरुवात, मग एकेका कडव्याला लय वाढवत नेणं, आणि चंद्रावळीत शब्द सोडून दिल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे बघत वाजवणं. हे त्यांना नेमकं जमतं. स्पर्धेत वाजवणारी काही पथकं घरच्या आरतीतही स्पर्धेसारखीच वाजवतात, नुसता वेग. यांनी तसं केलं नाही. आमच्या घरची एक जुनी आरती आहे, चाल थोडी वेगळी. सासूबाईंनी ती म्हणायला सुरुवात केली तेव्हा त्यांना ठाऊक नव्हती. पहिलं कडवं त्यांनी नुसत्या कासाळ्यांवर सोडलं, दुसऱ्याला एक घुमट आलं, तिसऱ्याला सगळी. ऐकून घेऊन मग वाजवणं हे मी मोठमोठ्या मैफलींत कमी पाहिलं आहे.

बिदागी सहा हजार ठरली होती. आम्ही वर थोडं दिलं, नेवऱ्या आणि खतखतं खाऊ घातलं. तक्रार आहे ती वेळेची. सात म्हणाले आणि आले पावणेनऊला, कारण आधीच्या दोन घरांत उशीर झाला होता. एका संध्याकाळी चार घरं घेतली की हे होणारच. फोनही केला नाही. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतात, मूर्तीपुढे सगळे ताटकळतात. मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि इथेही लिहिते आहे: तीनच घरं घ्या, पण सांगितलेल्या वेळेला या. दुसरी गोष्ट, बाजारात घेतलेल्या घुमटांना त्यांच्याकडे बांधणीची काही सोय नाही. वर्तमानपत्र आणि सुतळी, एवढंच. आम्ही थिवीहून रेल्वेनं आलो. एक घुमट मी मांडीवर घेऊन बसले आणि दुसरं चादरीत गुंडाळून बर्थच्या कोपऱ्यात रोवलं. बाराशेच्या वस्तूबरोबर पुठ्ठ्याचं खोकं आणि थोडा पेंढा द्यायला काय हरकत आहे? तीस रुपये जास्त लावा, लोक आनंदानं देतील.

त्या घराबद्दल थोडं लिहायला हवं, कारण पैसे कुठे जातात हे घेणाऱ्याला माहीत असावं असं मला वाटतं. कातडं वाळत होतं तेव्हा त्यांच्या आईनं चहा दिला आणि बोलत बसल्या. आजोबा घुमटं करायचे, अर्थात घोरपडीची. कायद्याच्या भीतीनं सोडलं. मुलाला, म्हणजे या दोघांच्या वडिलांना, या धंद्यात आणलंच नाही; त्यांनी कर्ज काढून टिपर, म्हणजे माल वाहणारा ट्रक, घेतला आणि लोहखनिजाच्या खाणीवर लावला. डिचोलीत तेव्हा तेच करायचे सगळे. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. मध्ये काही काळ सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणींची 88 लीज रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा ठप्प झाल्या. टिपर विकला, कर्जाचा उरलेला भाग राहिला. आईच्या बोलण्यात कुणाबद्दल राग नव्हता, त्या नुसत्या एकेक साल सांगत होत्या.

बाजारात बसणारा भाऊ तेव्हा शाळेत होता. शाळेच्या आरती स्पर्धेसाठी आजोबांच्या मडक्याला त्यानं बकऱ्याचं कातडं लावून बघितलं. आधीची कितीतरी फाटली. आजोबा हयात होते, खाटेवरून सांगायचे, अजून खरवड, अजून खरवड. आज त्याच पडवीतून घरातला बराचसा खर्च निघतो. चवथीच्या महिन्यातल्या कमाईतून बँकेचा वर्षाचा मोठा हप्ता जातो. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, वेळी पुन्हा विक्री होते, मिरवणुकीतल्या पथकांची मोडतोड दुरुस्तीला येते. मधल्या महिन्यांत बहीण दोन गावांतल्या बायकांना घुमट शिकवते, महिन्याला माणशी तीनशे. धाकटा भाऊ नर्सिंगला आहे, त्याची फी तिच्या शिकवण्यांतून. वडील मडकी आणायला कुंभाराकडे जातात आणि हिशेब ठेवतात. बाजारात पैसे घेताना मोबाइलवर लगेच निरोप जातो तो त्यांनाच.

बहिणीला मी विचारलं की नोकरीचं काय. तिचं बी.कॉम. झालेलं आहे. म्हणाली, पणजीत एका ऑफिसात वर्षभर होते, जाण्यायेण्यात आणि भाड्यात निम्मा पगार जायचा. इथे संध्याकाळी बायका शिकायला येतात तेव्हा पन्नाशीतल्या काकीसुद्धा तिला मॅडम म्हणतात. हे सांगताना ती पहिल्यांदा हसली. मला तिचा अभिमान वाटला, परकी असून.

गोव्यात गाण्यानं बंदी काही पहिल्यांदा सोसलेली नाही. 1736 मध्ये इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानानं ख्रिस्ती घरांतल्या लग्नात ओव्या गायलाही मनाई केली होती. पुढे त्याच समाजात मांडो हा गाण्या-नाचाचा प्रकार बहरला, आणि व्हायोलिनच्या जोडीला मांडोला घुमट लागतंच. मडगावकडची काही ख्रिस्ती मंडळीही या बहीण-भावाकडे घुमटं करून घेतात. मी गेले तेव्हा पडवीत तशी दोन तयार होती, थोडी लहान तोंडाची, मांडोला आवाज मऊ लागतो म्हणून. हिंदू घरातली आरती आणि ख्रिस्ती घरातला मांडो, दोन्ही एकाच पिंपातल्या कातड्यावर. हे मला फार मोलाचं वाटतं आणि ते टिकायचं तर या मुलांना पोट भरण्याइतके पैसे या कामातूनच मिळाले पाहिजेत. घासाघीस करू नका. बाराशे सांगितले तर बाराशे द्या. एका कातड्याला किती हात लागतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ज्यांना घ्यायचं आहे त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी. चवथीच्या आदल्या आठवड्यात गेलात तर उरलेला माल मिळेल, निवड नसेल. नारळी पौर्णिमेच्या आधीचा शुक्रवार सगळ्यांत चांगला. जुन्या मडक्यावर कातडं चढवायचं असेल तर पावसाळ्याआधी द्या. पावसात ऊन नसतं आणि वाळायला फार वेळ लागतो. तेव्हा ते घाई करत नाहीत आणि तुम्हीही करायला लावू नका. मडक्यावर जुनं घोरपडीचं कातडं अजून असेल तर तसं नेऊ नका, ते हातही लावत नाहीत. आधी वन खात्याकडे चौकशी करा. पथक हवं असेल तर जुलैमध्येच दिवस ठरवा, निम्मी बिदागी आधी द्यावी लागते. दीड दिवसाच्या गणपतीवाल्यांनी तर नक्कीच लवकर बोला, कारण पहिल्या दोन संध्याकाळी सगळ्यांनाच हव्या असतात. घुमट शिकायचं असेल तर बहीण सुट्टीत आलेल्यांना आठवडाभराचे रोज दोन तासांचे धडे देते. माझी भाची शिकली, पहिल्या तीन दिवसांत नुसता डावा हात. तिला कंटाळा आला तरी बहिणीनं पुढे नेलं नाही. चौथ्या दिवशी दोन्ही हात एकत्र आले.

घुमटाला पाचपैकी पाच. कातडं चढवण्याला पाच. पथकाच्या वाजवण्याला पाच, वेळेला दोन. बांधणीला एक. शिगम्यासाठी शामेळ करून द्यायला मी त्यांना आताच सांगून ठेवलं आहे. त्याचा सांगाडा फणसाच्या लाकडाचा होणार आहे, आणि किंमत लाकूड मिळाल्यावर कळवतो म्हणाले आहेत.